देहातील पाण्याचा राखणदार



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिलेला वक्ता बहुधा आम्रमोहराचे आणि कोकिळेचे गुणगान करून आरंभ करतो. आपल्या जव्हार-मोखाड्याकडे वसंत येतो तो मात्र एका हाती बोहाड्याचे मुखवटे आणि दुसऱ्या हाती रिकामा हंडा घेऊन. होळी झाली की इकडे गावोगाव सोंगे नाचू लागतात आणि तिकडे पाड्यांवरच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. वर्षाकाठी शंभर इंचांच्या वर पाऊस ज्या डोंगरावर कोसळतो, त्याच डोंगरावरची बाई एप्रिलमध्ये विहिरीत उतरून वाटीवाटीने हंडा भरते. पाऊस कमी पडतो म्हणून ही पाळी येते असे नाही. काळा कातळ, तीव्र उतार आणि धावत्या नद्या यांमुळे पडलेले पाणी येथे थांबत नाही. वैतरणेवर धरणे झाली. त्यांचे पाणी मुंबईला जाते. डोंगरावरच्या पाड्याला टँकरची वाट पाहावी लागते.

पाण्याचे दुःख ते किती पडते याचे नसून ते किती राखता येते याचे आहे, हे आपणांस मी सांगावयास नको. आज मला बोलावयाचे आहे ते अशाच एका पाणी राखण्याच्या व्यवस्थेविषयी. ही व्यवस्था कोणा सरकारने केलेली नाही. ती आपणां प्रत्येकाच्या देहात जन्मापासून चालू आहे. तिचा मुख्य राखणदार म्हणजे एक हॉर्मोन. त्याचे नाव व्हासोप्रेसिन. नाव ऐकून घाबरू नका. लॅटिनमध्ये ‘वास’ म्हणजे भांडे किंवा नळी. ती दाबून धरणारा तो व्हासोप्रेसिन. मराठीत त्याला वाहिनीसंकोचक म्हणता येईल.

या हॉर्मोनाचे दुसरेही एक नाव आहे: मूत्ररोधी हॉर्मोन. एखादा मनुष्य गावात एका नावाने आणि शहरात दुसऱ्या नावाने ओळखला जावा, तसा हा प्रकार आहे आणि त्याला कारणही तसेच घडले. १८९५ साली ऑलिव्हर आणि शेफर या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचून पाहिला. प्राण्याचा रक्तदाब झपाट्याने चढला. अर्कात रक्तवाहिन्या आवळणारे काहीतरी आहे हे उघड झाले. पुढे १९१३ साली जर्मनीत फोन देन फेल्डेन आणि इटलीत फारिनी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हाच अर्क काही विलक्षण रोग्यांना दिला. हे रोगी दिवसभरात घागरीने पाणी पीत आणि घागरीनेच लघवी करीत. अर्काने त्यांची लघवी आटोक्यात आली. एकच अर्क रक्तवाहिनी आवळतो आणि लघवीही आवरतो. मग यातली द्रव्ये दोन की एक? पुढे अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी हे द्रव्य शुद्ध करून त्याची रचना उलगडली आणि १९५४ च्या सुमारास ते प्रयोगशाळेत घडवूनही दाखविले. अवघ्या नऊ ॲमिनो आम्लांची ती एक लहानशी साखळी निघाली. रक्तदाब चढविणारा तोच आणि लघवी आवरणारा तोच! या संशोधनमालिकेबद्दल द्यू व्हिन्यो यांना १९५५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या राखणदाराचे काम समजावयाचे तर आधी मूत्रपिंड म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. आपल्या पाठीत, कण्याच्या दोन्ही बाजूंना, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे आहेत. दोन्ही मिळून त्यांचे वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे देहाच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतके. पण हृदय दर मिनिटाला जे पाच लिटर रक्त फेकते, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा ही दोन पिंडे घेतात. घर लहान आणि राबता मोठा, असा हा थाट आहे. प्रत्येक पिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. या सर्व गाळण्यांतून दिवसाकाठी किती पाणी गळते? एकशेऐंशी लिटर! आणि आपण लघवी करतो किती? दीड लिटर. म्हणजे गळलेल्या पाण्यापैकी शंभरातले नव्व्याण्णव भाग पुन्हा रक्तात परत घेतले जातात.

या परतीच्या पाण्यापैकी बहुतेक भाग कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता आपोआप परततो. शेवटचे अठरा-वीस लिटर तेवढे कोणाच्या तरी मर्जीवर असतात. ती मर्जी व्हासोप्रेसिनची. तो पुरेसा असेल तर या वीस लिटरांतले अर्धा लिटरच बाहेर जाईल, आणि मुळीच नसेल तर सगळेच्या सगळे वाहून जाईल. ज्या रोग्यांविषयी मघाशी मी बोललो, त्यांच्या देहात हाच राखणदार गैरहजर होता.

पाणी परत घेण्याची रीत मोठी गमतीची आहे. आपल्या घरोघर चैत्र-वैशाखात कैरीचे लोणचे घालतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात त्यांना पाणी सुटते. फोडीतले पाणी मिठाने ओढून घेतलेले असते. मूत्रपिंडाचा आतला गाभा असाच खारट आहे. रक्ताच्या चौपट खारट होण्याची त्याची ताकद आहे. लघवी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या या खारट गाभ्यातून खाली उतरतात. एरवी त्या नळ्यांच्या भिंती पाण्याला बंद असतात. व्हासोप्रेसिन येऊन त्या भिंतीवरील आपल्या कडीला हात लावतो, तोच आतल्या पेशी पाण्याच्या खिडक्या आणून भिंतीत बसवितात. खिडकी उघडली की खारट गाभा पाणी ओढून घेतो आणि ते रक्तात परत जाते. या खिडक्या खरोखरीच आहेत. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. १९९२ च्या सुमारास पीटर ॲग्रे यांनी त्यांतली पहिली ओळखली आणि २००३ साली त्यांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. उन्हातून आल्यावर आपली लघवी थोडी आणि गडद पिवळी होते, ती या उघड्या खिडक्यांमुळे.

मग राखणदाराला कळते कसे, की आता पाणी राखावयाचे? केंब्रिजच्या व्हर्नी नावाच्या शास्त्रज्ञाने १९४७ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. कुत्र्याच्या मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत त्याने थोडेसे खारे पाणी सोडले, आणि काही मिनिटांत कुत्र्याची लघवी कमी झाली. मेंदूत रक्ताचा खारटपणा चाखणाऱ्या पेशी आहेत, असा त्याचा अर्थ. त्यांची जीभ आपल्या सुगरणींनाही लाजवील अशी आहे. रक्ताचा खारटपणा शंभरात एखाद-दोन भागांनी वाढला की पोष ग्रंथीतून व्हासोप्रेसिन सुटू लागतो. तहान लागण्यापूर्वीच मूत्रपिंडाला आज्ञा पोचलेली असते. रात्री तर त्याचा पुरवठा आपण होऊनच वाढतो, म्हणून निरोगी तरुण मनुष्याला मध्यरात्री उठावे लागत नाही. म्हातारपणी ही रात्रीची वाढ मंदावते. आजोबांना रात्री दोनदा बाहेर जावे लागते त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. आणि दारू? ती या राखणदारालाच झोपविते. दारू पिणारा एरवीपेक्षा अधिक पाणी लघवीवाटे घालवितो. उन्हाच्या दिवसांत दारूने तहान भागते, असे कोणी सांगितले तर ते शुद्ध असत्य आहे.

इथवर आपण त्याचे एक काम पाहिले. आता दुसरे, ज्यावरून त्याचे पहिले नाव पडले. साधी तहान असते तोवर व्हासोप्रेसिन थोड्या प्रमाणात सुटतो आणि मूत्रपिंडापुरते काम करतो. पण रक्ताचाच साठा घटला तर? बाळंतपणात रक्तस्राव झाला, कॉलऱ्यासारखे जुलाब लागले, किंवा दिवसभर उन्हात घाम गाळून पाणीच मिळाले नाही, तर? साठा दहाव्या हिश्शाच्या आसपास घटला की हा हॉर्मोन धो धो सुटतो. नेहमीच्या कितीतरी पट. तेव्हा तो केवळ खिडक्या उघडून थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूही आवळतो. त्याच्या जोडीला आणखी दोघे धावून येतात. एक नॉरॲड्रिनॅलिन आणि दुसरा अँजिओटेन्सिन. या दुसऱ्याची हकीगत अशी की त्याचा कारखाना मूत्रपिंडाच्या सांगण्यावरूनच चालतो. १८९८ साली टिगरस्टेट आणि बेर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब चढविणारे द्रव्य पाहिले आणि त्याला रेनिन असे नाव दिले. रक्त कमी पोचू लागले की मूत्रपिंड रेनिन सोडते आणि रेनिनच्या योगाने रक्तात अँजिओटेन्सिन तयार होतो.

हे तिघे मिळून काय करतात? टंचाईच्या दिवसांत शहाणा कारभारी जे करील तेच. बागेचे पाणी बंद, अंगण शिंपणे बंद, पिण्याचे तेवढे चालू. त्वचेच्या वाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. आतड्यांचे रक्त कमी होते, म्हणून अन्न नकोसे वाटते. आणि ते वाचलेले रक्त हृदयाला आणि मेंदूला पोचते. मनुष्य फिकट दिसतो, पण शुद्धीवर राहतो.

या काटकसरीत मूत्रपिंडाचे काय होते? ऐकावयास आलेल्या प्रत्येकाने आजच्या व्याख्यानातले दुसरे काही विसरले तरी चालेल. पुढचा भाग मात्र घरी घेऊन जावा.

गाळणी चालावयाची तर तिच्यात दाब पाहिजे. गाळणीत रक्त आणणारी एक वाहिनी असते आणि तिच्यातून रक्त नेणारी दुसरी. आपल्या शेतातील बांधाची आठवण करा. आत येणारे पाणी कमी झाले, तर शेतकरी बाहेर जाणारी मोरी थोडी बुजवितो, म्हणजे वाफ्यातली पातळी टिकते. अँजिओटेन्सिन नेमके हेच करतो. तो बाहेर जाणारी वाहिनी अधिक आवळतो आणि गाळणीतला दाब सांभाळतो. पण संकोचकांचा जोर फार झाला तर आत येणारी वाहिनीही आवळली जाईल आणि गाळणी कोरडी पडेल. हे होऊ नये म्हणून मूत्रपिंड स्वतः प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. ती आत येणारी वाहिनी उघडी धरून ठेवतात. एका बाजूने आवळणारे आणि दुसऱ्या बाजूने उघडे धरणारे, असा हा दोरीवरचा तोल आहे. भरल्या देहात या तोलाची गरज फारशी भासत नाही. कोरड्या देहात मात्र मूत्रपिंड या एका आधारावर उभे असते.

आणि हाच आधार आपण वेदनाशामक गोळीने काढून घेतो. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. १९८२ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नाप्रोक्सेन ही सारी त्याच कुळातली. प्रोस्टाग्लँडिन वेदनाही निर्माण करतात, म्हणून ती थांबली की दुखणे थांबते. पण ती मूत्रपिंडातही थांबतात. मग संकोचकांना मोकळे रान मिळते. आत येणारी वाहिनी मिटते, गाळणीतला दाब कोसळतो, लघवी घटते आणि रक्तात विषारी मळ साचू लागतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आता डोळ्यांपुढे आपलाच माणूस आणा. दिवाळीनंतर आपल्या दोन्ही तालुक्यांतून हजारो कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. पहाटेपासून चिखल तुडवावयाचा, विटा पाडावयाच्या, डोक्यावरून वाहावयाच्या. वर सूर्य आणि शेजारी भट्टी. अशा श्रमात मनुष्य तासाला एक लिटरपर्यंत घाम गाळू शकतो. पाणी लांब असते. बायकांची आणखी एक अडचण असते, जी त्या बोलून दाखवीत नाहीत. आडोसा नाही म्हणून त्या मुद्दामच पाणी पीत नाहीत. संध्याकाळी अंग मोडून येते. टपरीवर पानतंबाखूबरोबर दुखण्याची गोळी मिळते. ती घेतली की रात्र बरी जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुखणे गेले, एवढेच त्या माणसाला कळते. आपल्या देहातल्या वाफ्याची शेवटची मोरी आपण बंद केली, हे त्याला कोण सांगणार?

एकदा असे झाले तर बहुधा मूत्रपिंड सावरते. पुन्हा पुन्हा होत राहिले, तर जखमेवर जखम होऊन गाळण्या कायमच्या मरतात आणि मेलेली गाळणी पुन्हा येत नाही. मध्य अमेरिकेत उसाच्या मळ्यांत राबणारे तरुण मजूर मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. त्यांना मधुमेहही नव्हता आणि रक्तदाबाचा विकारही नव्हता. त्या आजाराच्या कारणांचा वाद अजून चालू आहे, पण उन्हातले श्रम आणि कोरडा देह हा त्यातला मोठा संशयित आहे. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये मजुरांना सावली, ठरावीक विश्रांती आणि हाताशी पाणी देण्यात आले, तेव्हा मूत्रपिंडावरचा आघात कमी झाल्याचे दिसून आले. औषध किती साधे पाहा. सावली, विसावा आणि पाणी!

वाहिन्या आवळणाऱ्या हॉर्मोनांचा अतिरेक किती भयंकर असतो, याची ओळख जगाला एका मराठी डॉक्टराने करून दिली आहे, आणि ती आपल्याच कोकणातून. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तांबडा विंचू चावलेली मुले त्यांच्यापुढे येत. आधी ओकारी, दरदरून घाम, बर्फासारखे गार हातपाय. आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून मृत्यू. विंचवाचे विष नसांना चेतवून रक्तात ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन यांचा लोंढा सोडते. साऱ्या वाहिन्या एकदम आवळल्या जातात आणि त्या बंद दारांवर हृदय डोके आपटीत राहते, हे बावस्करांनी रोग्याच्या उशाशी रात्रीमागून रात्री बसून ओळखले. त्यांनी १९८३ च्या सुमारास प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध वापरून पाहिले. ते वाहिन्यांची ही आवळ सोडविते. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचे निरीक्षण छापून आले. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या डोंगरातही विंचू आहे. चावलेल्या माणसाला घाम सुटला, ओकारी झाली, हात गार पडले, तर मंत्राच्या आशेने एक घटकाही घालवू नये. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.

पण वाहिनीसंकोचकाला सरसकट खलनायक ठरविणे अन्यायाचे होईल. एक उदाहरण सांगतो, ते मोठे चमत्कारिक आहे. अति दारूने यकृत कठीण झालेल्या रोग्याच्या पोटातील रक्तवाहिन्या ढिल्या पडतात आणि रक्त तेथेच साचून राहते. देहाला वाटते, रक्त आटले. संकोचक हॉर्मोने सुटतात आणि मूत्रपिंडाच्या वाहिन्या घट्ट आवळल्या जातात. मूत्रपिंड मुळात निरोगी असूनही बंद पडते. अशा रोग्याला डॉक्टर काय देतात? व्हासोप्रेसिनचाच एक भाऊ, टर्लिप्रेसिन. तो पोटातल्या ढिल्या वाहिन्या आवळतो, तेथे अडकलेले रक्त पुन्हा फिरू लागते, देहाची भीती ओसरते आणि कित्येकांचे मूत्रपिंड पुन्हा लघवी करू लागते. वाहिनी आवळणारे औषध मूत्रपिंडाची वाहिनी मोकळी करते! आवळणे वाईट आणि सैल सोडणे चांगले, असा नियम देहात नाही. कोठे, केव्हा आणि किती, हाच प्रश्न.

आपल्यापैकी पुष्कळजण रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील. त्यांतली काही औषधे अँजिओटेन्सिनला आवरणारी आहेत. त्यांचा मूळपुरुष कॅप्टोप्रिल. ब्राझीलमधील जरारका नावाच्या सापाच्या विषात सेर्जिओ फेरेरा यांना १९६० नंतरच्या दशकात जे द्रव्य सापडले, त्याच्या अभ्यासातून ते औषध निघाले आणि १९८१ साली वापरात आले. मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला ही औषधे वर्षानुवर्षे संरक्षण देतात; तेव्हा माझे ऐकून कोणी ती सोडू नयेत. पण जुलाब-ओकाऱ्या लागल्या, अंग कोरडे पडले, तर त्या दिवसांत गोळी घ्यावी की थांबवावी हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. कारण बाहेरची मोरी या औषधाने सैल केलेली असते, आतले पाणी जुलाबाने गेलेले असते, आणि त्यावर कोणी दुखण्याची गोळी घेतली तर आत येणारी वाटही मिटते. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना!

आता शेवटी करावयाचे काय ते सांगतो आणि थांबतो.

पहिली गोष्ट पाण्याची. तहान ही उशिरा येणारी सूचना आहे. ती येण्याच्या आधीच राखणदार कामाला लागलेला असतो. लघवीचा रंग हीच प्रत्येकाजवळची फुकट प्रयोगशाळा. ती फिकट असेल तर ठीक. गडद झाली की प्यावे. घाम पुष्कळ गेला असेल तर पाण्याबरोबर मीठही गेलेले असते. नुसते पाणीच घटाघटा पीत राहिल्याने रक्त पातळ होण्याचाही धोका असतो, म्हणून भाताची पेज, नाचणीची आंबील, मीठ घातलेले ताक ही आपली जुनी पेये उत्तम. जुलाबात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एक लिटर स्वच्छ पाण्यात. मीठ आणि साखर जोडीने असली की आतडे पाणी आत घेते. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर याच तत्त्वाचे पाणी पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण शंभरात तीसवरून चारच्याही खाली आणले. ज्या देशात जलसंजीवनीने हे करून दाखविले, तेथे कोणाचे मूल जुलाबाने सुकून जावे ही लाजेची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट गोळीची. उपाशीपोटी, उन्हातून आल्यावर, जुलाब-ओकारीत, किंवा लघवी कमी झाली असताना दुखण्याची गोळी घेऊ नये. आधी पाणी, मग विसावा आणि मग डॉक्टरचा सल्ला. या सभेत औषधांचे आणि किराणा मालाचे व्यापारी बसले आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की मजुराच्या हाती गोळी ठेवण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: “बाबा रे, आज पाणी किती प्यालास?” हा प्रश्न विचारावयास कोणतीही पदवी लागत नाही.

तिसरी गोष्ट आडोशाची आणि सावलीची. ज्यांच्याकडे पाच-दहा माणसे कामाला येतात, त्यांनी पाण्याचा माठ, सावली आणि बायकांसाठी आडोसा एवढे तरी करावे. शिक्षकांनी शाळेतल्या मुलींकडे पाहावे. लघवीला जावे लागेल या भीतीने मूल दिवसभर पाणी पीत नसेल, तर दोष मुलीचा नसून आपल्या शाळेच्या भिंतींचा आहे.

श्रोतेहो, देह आपल्या वाट्याचे पाणी किती निष्ठेने राखतो ते आपण पाहिले. एकशेऐंशी लिटर गाळून दीड लिटर सोडणारा असा हिशेबी कारभारी कोणत्याही धरणावर सापडणार नाही. पण तोही जे आहे तेवढेच राखू शकतो. नाही ते निर्माण करू शकत नाही. राखणदार घरात उभा आहे. त्याच्या हंड्यात पाणी ओतणे मात्र गावाच्या हाती आहे. मोखाड्याच्या पाड्यावरची एखादी बाई मैलभर चालून हंडा आणते आणि त्यातले आधी सर्वांना देऊन उरले तर स्वतः पिते. तिच्या देहातले व्हासोप्रेसिन त्या वेळी किती चढलेले असेल, हे मोजावयास आपल्याजवळ यंत्र नाही. पण तिची पायपीट कमी करणे हा मूत्रपिंडावरचा उपचार आहे, असे मी आज एका वैद्यकीय व्याख्यानात सांगत आहे, आणि ते अलंकारिक अर्थाने नव्हे.

 आता घरी गेल्यावर आधी प्रत्येकाने एक तांब्याभर पाणी प्यावे आणि मगच माझ्या भाषणावर टीका करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.